आभाळातलं इमान

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येक बाईच्या केसांचा वास मी घेतला.

बायका यायच्या, गळ्यात पडायच्या, मी रडायचे. रडणं खरं होतं. पण रडताना माझं नाक त्यांच्या अंबाड्याशी असायचं. खोबरेल, खोबरेल, माक्याचं तेल, परत खोबरेल. पाचव्या दिवशी दवाखान्यातल्या सिस्टर आल्या. कमरेखाली वेणी, पांढरी साडी. ओळखपत्राच्या फोटोसाठी त्या तीनदा आपल्या फोटो स्टुडिओत आल्या होत्या, आणि तिसऱ्यांदा कशाला आल्या हे मला कधी पटलं नव्हतं. दीड वर्ष मनातल्या मनात मी त्यांच्याशीच भांडत होते. त्यांनी मला जवळ घेतलं तेव्हा मी श्वास आत ओढला. साधं खोबरेल. मला चक्क वाईट वाटलं. एवढा राग ज्यांच्यासाठी साठवला त्या हातातून निसटल्या.

मी शोधत होते तो वास एरंडेलाचा होता. एरंडेल आणि त्यात मिसळलेलं दवाखान्यातलं भुलीचं औषध. दर रविवारी संध्याकाळी तुमच्या शर्टाला तो वास यायचा आणि उजव्या खांद्यावर तेलाचा डाग असायचा. बाईने डोकं टेकवलं तर पडेल तेवढा आणि तिथेच. शर्ट मीच धूत होते. दोनदा साबण लावून डाग जायचा, वास जायचा नाही. तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणायचात, "विमानाचं तेल आहे ते." विमानाला एरंडेल लागतं, हे कोणत्या बायकोने ऐकून घ्यावं?

हे सगळं सुरू झालं तेव्हा मी इथे नव्हते, तिथेच चुकलं. लढाई संपली त्या हिवाळ्यात वन्संच्या घरी सोनईला पंधरा दिवस राहून मी परत आले, तर तुमचा रविवार बदललेला. आधी रविवारी तुम्ही जेवून झोपायचात. आता दोन वाजले की कॅमेरा गळ्यात अडकवून सायकल काढायला लागलात. कुठे, तर नागापूरच्या पुढे माळावर. कशाला, तर कारखान्यातला एक कारागीर छोटं विमान उडवतो, त्याचा उडतानाचा फोटो काढायला. विमान केवढं, तर दोन हात पसरले की मावेल एवढं. त्यात माणूस नाही. त्याला दोर नाही. खाली उभा राहून तो हातातल्या पेटीवरून त्याला वळवतो. पेटी त्याच्या जहाजावरच्या भावाने आणलेली.

मी म्हटलं, "बरं."

माझं 'बरं' तुम्हाला माहीत होतं. चार यत्ता शिकलेल्या बाईजवळ दुसरं काय असतं? चारचौघांत बोलायची मला लाज, आणि एकट्यात बोलायचं म्हटलं की शब्द घशात बसतात. पण 'बरं' म्हटल्यावर मी विचार करत राहते, हे तुम्ही ओळखून होतात.

पहिल्या रविवारचा फोटो तुम्ही मला दाखवला. आभाळ होतं. दुसऱ्या रविवारचा, आभाळ. तिसऱ्या वेळी आभाळ आणि खालच्या कोपऱ्यात बाभळीचा शेंडा. मी विचारलं, "विमान कुठंय?" तुम्ही म्हणालात, "निसटलं." दुष्काळाचं साल सुरू झालं. लोक खडी फोडायला जात होते, ढगासाठी मान वर करून डोळे दुखवून घेत होते, आणि तुम्ही दर आठवड्याला रिकाम्या आभाळाचे फोटो घरी आणत होतात. त्या वर्षी आभाळ सगळ्यांना फुकट दिसत होतं. त्याचा फोटो काढायला फिल्म लावून माळावर जायची गरज कोणाला होती?

एकदा जेवताना तुम्ही पोलीस पाटलाची गोष्ट सांगितली. माळाशेजारच्या वस्तीवरच्या लोकांना वाटलं, विमान शत्रूचं आहे. लढाई ताजी होती. ते पाटलाला घेऊन आले. पाटील विमानाभोवती दोन फेऱ्या मारून, काठीने पंख टोचून म्हणाला, "समदं हाय, पन ह्यात मानूस कुठं बसतंय?" कारागीर म्हणाला, "माणूस बसत नाही, पाटील." तर पाटील म्हणाला, "मग त्ये पळून गेलं आसंल. हुडका!" आणि लोक खरंच बाभळीत माणूस शोधायला लागले.

तुम्ही हसता हसता ताटात पाणी सांडलंत. मी हसले नाही. माझ्या मनात आलं, खोटं बोलणारा माणूसच इतकं बारीक सांगतो.

तरी तुम्ही मला बोलावलं नाहीत असं नाही. "चल की एकदा. कॅरिअरवर बस, बघ डोळ्यांनी." दोनदा म्हणालात. पुरुषांच्या घोळक्यात माळावर जाऊन मी काय उभी राहणार होते? आणि मला वाटायचं, ही येणार नाही हे पक्कं माहीत आहे म्हणूनच विचारतायत. तुम्ही बोलावलंत याचाही मी पुरावाच केला.

मग तुम्ही गच्चीवर सराव सुरू केलात. आपला कॅमेरा दोन डोळ्यांचा, वरून काचेत मान घालून बघायचा. त्या काचेत डावं उजवं होतं. समोर बसलेल्या माणसाला काही फरक पडत नाही, पण उडणारं विमान उजवीकडे निघालं की काचेत ते डावीकडे पळतं, आणि बघणारा माणूस उलटाच वळतो. म्हणून तुम्ही कावळ्यांवर हात बसवत होतात. गळ्यात कॅमेरा, मान खाली, आणि गोल गोल फिरणं. एकदा पाण्याच्या पिंपावर आदळून गुडघा फोडून घेतलात. मी हळद घेऊन वर आले. हळद लावली, आणि हळूच उठून कठड्यावरून बघितलं, की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालायला कोण आलंय. कोणी नव्हतं. मला वाटलं, मी येईपर्यंत आत गेली असेल.

हळद लावताना तुम्ही म्हणालात ते मात्र मी विसरले नाही. "पंचवीस वर्षं झाली, लोकांना 'हलू नका' म्हणतोय. नवरा-नवरी, हलू नका. आजोबा, हलू नका. मेलेल्या माणसांना बसवून फोटो काढले, त्यांना तर सांगायचीही गरज नव्हती. एक तरी फोटो असा निघू दे, ज्याला मी 'हलू नको' म्हटलं नाही." तेव्हा माझा हात थांबला होता. तुम्ही खोटं बोलत नाही, असं त्या एका क्षणी मला वाटलं होतं. संध्याकाळी रविवारचा शर्ट धुवायला घेतला आणि ते वाटणं गेलं.

मग दिवाळीला वन्सं आल्या. सख्खी बहीण तुमची, पण बाजू माझी घेतली, आणि कशी घेतली! तुम्ही पाटावर बसलेले, त्या वाढत होत्या.

"का रं, दर रईवारी कुठं जातोस म्हनं?"

"विमानाचे फोटो काढायला, अक्का."

"इमान?"

"हां, विमान."

"आन् फोटूत दिसत न्हाई म्हनं ते इमान?"

"अजून नाही सापडलं."

"आरं, घरात हाय का तेवढं बघ आधी! माळावर कशाला हुडकतूस?"

मी चुलीकडे तोंड करून हसले. वर्षभरात पहिल्यांदा मोकळं हसले असेन, तेही तुमच्यावर. गावाकडे विमानाला इमानच म्हणतात, वन्संनी मुद्दाम शब्द जुळवला नव्हता, पण बोलून झाल्यावर त्यांनाही कळलं आणि त्या कपाळाला हात लावून हसत सुटल्या. तुम्ही जेवण अर्धं ठेवून उठलात. मोरीत हात धुताना मला म्हणालात, "तुला दाखवीन ना, तेव्हा बोल." मी म्हटलं, "दाखवा." आपलं तेवढंच भांडण झालं. दोन वाक्यांचं. ते अजून संपलेलं नाही.

तुम्ही गेल्यावर पंधराव्या दिवशी एक माणूस सायकलवर चादरीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं घेऊन आला. मी आतल्या दाराशी. वन्सं अजून इथेच होत्या, त्या पुढे झाल्या.

"कोन तुमी? आन् ह्ये काय आनलंय?"

"मी गफूर, अक्का. नागापूरला लेथवर काम करतो. फोटोमास्तरांचा दोस्त. बाहेरगावी होतो, परवा कळलं." मग आत बघून म्हणाला, "भाभी, तुम्ही मला ओळखत नाही. पण मी तुम्हाला ओळखतो. मास्तर सारखे सांगायचे, आमच्याकडचा चेहरा जो गोरागोमटा निघतो तो घरातल्या हाताने निघतो."

त्याने चादर सोडली. पिवळं विमान होतं. दोन हात पसरले की मावेल एवढं. पंखावर कागद ताणून चिकटवलेला, एका जागी फाटून ठिगळ लावलेला. वन्सं दोन पावलं मागे सरल्या. "अगं बया, हाय की!"

आणि मग वास आला. एरंडेल. भुलीचं औषध. अख्ख्या खोलीत.

मी दाराआडून बाहेर आले. परक्या पुरुषासमोर पदर सारखा न करता पुढे आले असेन, मला आठवत नाही. मी विचारलं, "हा वास कशाचा?"

"इंजिनाच्या तेलाचा, भाभी. रॉकेल, एरंडेल आणि ईथर, म्हणजे ते भुलीचं औषध, असं मिसळून घालावं लागतं. लई थुंकतं हे इंजिन. पोटाखालून सगळं बाहेर टाकतं. मी नको म्हणायचो, तरी मास्तर उडवून झालं की हे खांद्यावर घेऊन माळ उतरायचे. माझ्या एका हातात पेटी, दुसऱ्यात सायकल. म्हणायचे, तू तुझी पेटी सांभाळ, ह्याला मी नेतो."

कोणत्या खांद्यावर, हे मी विचारलं नाही. आत येताना गाठोडं त्याने उजव्या खांद्यावरून उतरवलं होतं आणि तिथे त्याच्याही शर्टावर डाग होता.

वन्संनीच मग पाटलाचं विचारलं. गफूरभाई म्हणाले, "आलता की! म्हणाला, समदं हाय, पन ह्यात मानूस कुठं बसतंय?" शब्दाला शब्द. वन्सं हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून रडल्या. मी चहा टाकायला आत गेले.

जाताना ते म्हणाले, "भाभी, एक मागायचं होतं. फोटो. एखादा तरी असेलच ना?"

मी म्हटलं, "एकाही फोटोत विमान नाही. सगळं आभाळ."

"असं होणार नाही, भाभी."

"मी स्वतः बघितलेत."

"दोन-तीनदा तर अगदी डोक्यावरून नेलंय मी. मास्तर ओरडले पण, घेतलं म्हणून. बाकीचे गेले असतील निसटून, ते मीही मानतो. पण सगळे? पंचवीस वर्षं फोटो काढणारा माणूस?"

तो संशय माझ्यावरचा असेल असं तेव्हा मला वाटलं नाही. कॅमेऱ्यावरचा वाटला. पण ते गेल्यावर मी कामाच्या टेबलाशी जाऊन बसले, आणि बसताक्षणी मला कळलं.

तुम्हाला हे सांगायची गरज नाही, तुम्हीच शिकवलंत. तरी लिहिते, म्हणजे माझ्याकडून सुटणार नाही. फिल्मवर सगळं उलटं असतं. उजळ आभाळ काळं दिसतं. त्यात उजेडापुढे काळी पडलेली वस्तू असेल तर ती पांढरा ठिपका होते. पण फिल्म धुताना धुळीचा कण बसून टाचणीएवढं भोक पडलं तरी तेही पांढरा ठिपकाच दिसतं. फोटोत ते काळा डाग होऊन उमटतं. म्हणून फिल्मवर औषधाचा पातळ हात फिरवायचा, पेन्सिलीचं टोक सुईसारखं करायचं, आणि ठिपका भरून टाकायचा. लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला हे टेबल दिलंत. तिरकी काच, खाली आरसा, खिडकीतला उजेड. पडद्याआडचं काम. चारचौघांत जायला नको, कोणाशी बोलायला नको. गावातले चेहरे मी उलटे ओळखते, सुलटे रस्त्यात भेटले तर ओळखत नाही. एवढं माझ्या जिवाला पुरेल असं काम दुसऱ्या कोणत्या नवऱ्याने शोधून दिलं असतं? पहिल्या वर्षी तुम्ही एका नवरीच्या बापाला सांगितलंत, "हे माझं नाही, आतल्यांचं काम आहे." मी पडद्याआड होते. कानापर्यंत तापले होते.

तुमची पद्धत अशी की फिल्म धुऊन, वाळवून, पाकिटात घालून माझ्या ट्रेमध्ये टाकायची. पाकिटावर पेन्सिलीने लिहायचं. डोळे उघड. देवीचे वण घालव. मान. काहीच लिहिलं नसेल तर त्याचा अर्थ, तुझ्या नजरेला खटकेल ते कर. हे आपलं ठरलेलं. वीस वर्षांत मी कधी उलटून विचारलं नाही, तुम्ही कधी उलटून सांगितलं नाही.

आभाळाच्या पाकिटांवर काहीच लिहिलेलं नसायचं.

मी सगळी पाकिटं काढली. टर्पेंटाइनचा कापूस करून पहिली फिल्म पुसली. माझी पेन्सिल निघाली. खाली ठिपका. भिंगातून बघितलं. ठिपक्याला दोन्ही बाजूंनी पंख होते.

दुसरी पुसली. पंख. तिसऱ्यात लांबचं, पण शेपूट कळत होतं. बऱ्याच फिल्म खरंच रिकाम्या होत्या, तिथे विमान निसटलंच होतं. पण दुपारपर्यंत टेबलावर अकरा विमानं जमली. अकराच्या अकरा माझ्या हाताने बुजवलेली, आणि इतकी सफाईने, की मलाच माझी रेघ शोधायला उजेड बदलावा लागला. वन्संनी येऊन विचारलं, "जेवायचं न्हाई का?" मी म्हटलं, "इमानं सापडली." त्यांना वाटलं माझं डोकं फिरलं.

बारावी एक होती. तिचं पुढे लिहिते.

तेव्हापासून माझा संशय घर बदलून बसलाय. आधी तो तुमच्यावर होता, आता तुमच्या मनावर आहे. तुम्हाला काय वाटत होतं? तुम्ही ती पाकिटं ट्रेमध्ये टाकलीत, ती कामासाठी टाकली नव्हती, हे मला आता कळतं. आभाळाला कसलं काम? तुम्ही मला दाखवायला टाकली होती. तोंडाने सांगून ही ऐकत नाही, तर हिच्या टेबलावर ठेवू, तिथे ती कोणाचंही तोंड न बघता बघते. आणि मी बघितलं, डाग म्हटलं, बुजवलं आणि परत दिलं. मग तुम्ही फोटो काढलात तर आभाळ रिकामं.

तुम्ही ओली फिल्म उजेडाला धरून बघत होतात. तुम्हाला ठिपका दिसला नसेल हे होणार नाही. मग फोटोत तो नसला की तुम्ही फिल्म परत बघितली असणार. माझी पेन्सिल तुम्ही ओळखणार नाही? तुम्हीच तर हात धरून शिकवली. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. पहिल्यापासून नसेल, पण माहीत होतं. तरी 'निसटलं' म्हणालात. ते कोणाला वाचवायला, मला की स्वतःला? आणि परत पुढच्या रविवारी गेलात, परत पाकीट टाकलंत, परत कोरं. बोलला का नाहीत? मी रागाने खोडते आहे असं तुम्हाला वाटलं का? हे एक मला कळायला हवं, बाकी काही नाही. तुम्ही जाताना मला आंधळी समजत होतात की दुष्ट?

शेवटचं पाकीट, त्या बारावीच्याही नंतरचं, ट्रेमध्ये नव्हतं, माझ्या खणात मागे होतं. तुम्ही आजारी पडायच्या आधीच्या आठवड्यातलं. त्यावर तुमच्या अक्षरात लिहिलेलं: काही करू नको.

तेव्हा ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वीस वर्षांत तुम्ही माझ्या हाताला नको म्हणाला नव्हतात. मी पाकीट न उघडता खणात ढकललं आणि तुम्ही मागितलं नाहीत. आठ दिवसांत तुम्ही अंथरूण धरलंत. आता ते तीन शब्द मी किती वेळा वाचलेत. रागावून लिहिलेत, की समजूत घालून? हसून? तोंडाने म्हटलेलं असतं तर आवाजावरून कळलं असतं. पेन्सिलीला आवाज नसतो.

पाकीट उघडलं. त्यात विमान आहे. ठिपका नाही, विमान. एका बाजूला कललेलं, चाकं दिसतात, पंखावरचं ठिगळसुद्धा दिसतं. त्याचा फोटो मी स्वतः काढला. अंधारखोलीत तुमच्यामागे इतकी वर्षं उभी राहिले, ते कामाला आलं. पहिला कागद काळा झाला, दुसरा फिका, तिसरा बरा निघाला. वर कुठे एक धुळीचा कण उमटलाय. मी त्याला हात लावला नाही.

गफूरभाई फोटो न्यायला आले. खिडकीशी नेऊन बघितला. "हाच तो दिवस," म्हणाले. "ह्या दिवशी मास्तर काचेत बघत नव्हते. गळ्यातून कॅमेरा काढून तारेच्या चौकटीतून बघितलं. मी करून दिली होती ती चौकट. तिच्यात डाव्याचं डावंच राहतं."

मी विचारलं. वन्सं आत होत्या, मी एकटीने विचारलं, आणि माझा आवाज मला ऐकू आला. "माझ्याबद्दल काही म्हणाले का ते? फोटोंबद्दल?"

ते चाचरले. तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"सांगा."

"म्हणाले होते, भाभी. की विमान येतं फिल्मवर, पण घरात पुसलं जातं. मी म्हटलं, मग विचारा की भाभींना, का पुसता म्हणून. तर म्हणाले, नको. विचारलं तर ती खरं सांगेल."

"आणि?"

"आणि काही नाही. मग सायकलवर बसले."

मला आधी वाटलं, हे गफूरभाईंनी रचलं. मित्राच्या बायकोला बरं वाटावं म्हणून माणसं रचतात. पण मला बरं वाटावं म्हणून रचायचं तर त्यांनी दुसरं काही रचलं असतं. हे तुमचंच वाक्य आहे. तुम्हाला माझं खरं नको होतं. म्हणजे तुमचा अंदाज बांधून झाला होता.

तर तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते.

अकरा वेळा मला तो डाग वाटला. खरंच वाटला. आभाळात डाग असू नये म्हणून भरला, दुसरं काही मनात नव्हतं.

बाराव्या वेळी तुम्ही अंधारखोलीतून शीळ घालत बाहेर आलात. हात ओले. पाकीट ट्रेमध्ये न टाकता माझ्या टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "निवांत बघ." आणि बाहेर निघून गेलात, मी तुमच्यासमोर बघणार नाही हे जाणून. मी बघितलं. त्यात पंख होते. भिंग लागलं नाही. विमान होतं ते.

मी स्वतःला म्हटलं, हे त्यांनी चाकूने खरवडून काढलंय. आपल्या धंद्यात काय होत नाही? आपण मिटलेले डोळे उघडतो, गेलेल्या मुलाला घरच्यांच्या फोटोत उभं करतो. तुमच्यासारख्या हाताला फिल्मवर एक विमान कोरणं काय अवघड? माझं तोंड बंद करायला कोरलं, असं म्हटलं, आणि पेन्सिल घेतली. शेपटापासून सुरुवात केली.

पण खरवडलेली फिल्म ओळखायला एक पळ लागतो. खिडकीशी तिरकी धरली की खरवडलेल्या जागी उजेड ओरखडतो, मूळची असेल तर सपाट राहतो. हे तुम्हीच शिकवलंय, पहिल्याच आठवड्यात. परवा पुसून झाल्यावर मी ती तिरकी धरली. सपाट आहे.

त्या दिवशीही खिडकी उघडी होती, ऊन होतं. मी ती तिरकी धरून बघितली नाही.